संत्र्याचं ‘नुकसान’ साठ वर्षं वाढतंच चाललंय? हा आकडा नेमका कशाचा?

आकडेवेडा_पुणे
नमस्कार मंडळी. ऑफिसात अन्नाच्या नासाडीवर एक प्रेझेंटेशन करायचंय म्हणून आकडे गोळा करत होतो, त्यात एफएओचे म्हणजे जागतिक अन्न व कृषी संघटनेचे अन्न ताळेबंद सापडले. प्रत्येक देशाचे, अगदी १९६१ पासूनचे. एकेका जिन्नसाचं उत्पादन किती, आयात-निर्यात किती, प्रक्रियेला किती गेलं, नुकसान किती आणि शेवटी माणशी खायला किती उरलं असा सगळा जमाखर्च. लिंबूवर्गीय फळांत संत्री-मोसंबी एकाच खात्यात, लिंबं वेगळी, ग्रेपफ्रूट वेगळं.

मी भारताचा संत्री-मोसंबीचा फक्त ‘नुकसान’ हा रकाना उचलला आणि आलेख काढला. रेघ चढतीच. मग मला प्रश्न पडला की रस्ते सुधारले, कोल्ड स्टोरेजं आली, प्लॅस्टिकचे क्रेट आले, तरी आपण आजोबांच्या काळापेक्षा जास्त संत्री सडवतोय का? आणि हे नुकसान होतं कुठं, बागेत, ट्रकमध्ये, मंडीत की घरात? इथे विदर्भातले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय.

मनीमाऊ
आमच्या फ्रीजच्या खालच्या कप्प्यातलं धरलंय का त्यात? नसेल तर खरा आकडा दुप्पट लावा.

सुगरण_नाशिक
मनीमाऊ +१. नवरा पेटी आणतो, पहिल्या दिवशी सगळे खातात, मग ती पेटी दिसतच नाही कुणाला, वास आल्यावर दिसते.

शमा_सांख्यिकी
मनीमाऊ, नाही, घरातलं धरलेलं नाही. आकडेवेडा, धाग्याचं उत्तर तिथूनच सुरू होतं म्हणून जरा सविस्तर लिहिते, मोबाईलवरून टाइप करतेय, टायपो सांभाळून घ्या.

त्या ताळेबंदातलं ‘नुकसान’ म्हणजे जिथे उत्पादन नोंदलं जातं तिथून पुढे घरापर्यंत पोचेस्तोवर जे वाया गेलं ते. साठवण, वाहतूक, हाताळणी वगैरे. काढणीच्या आधी आणि काढणी चालू असताना जे गेलं ते त्यात नाही, आणि घरात तुमच्या फ्रीजमध्ये जे गेलं तेही नाही. म्हणजे दोन्ही टोकं कापलेली आहेत.

आता गंमत ऐका. हा मधला तुकडा तरी कुणी दरवर्षी मोजतं का? बहुतेक देशांत नाही. जिथे देशाकडून आकडा येत नाही तिथे तो अंदाजाने भरतात, आणि अंदाजाची सोपी पद्धत म्हणजे उत्पादनाचा किंवा एकूण उपलब्ध मालाचा काही ठरावीक टक्का. मग उत्पादन दुप्पट झालं की नुकसानही कागदावर दुप्पट होणारच, मधल्या काळात ट्रकला एसी लावा नाहीतर बैलगाडीतून न्या. तुमच्या चढत्या रेघेतला बराचसा चढ हा लागवड वाढल्याचा चढ असू शकतो.

एक करून बघा. नुकसानाला त्याच वर्षीच्या उत्पादनाने भागा. टक्का वर्षानुवर्षं दशांशापर्यंत तोच येत असेल तर समजा की तो कुणीतरी टेबलावर बसून ठरवलाय. आणि हो, तुम्ही जुनी आणि नवी फाइल जोडली नाहीत ना? २०१० पासूनची मालिका नव्या पद्धतीने काढलेली आहे, जुनी २०१३ ला थांबते. दोन्हींची रेघ सलग ओढायची नसते.

आकडेवेडा_पुणे
शमाताई, दोन फाइली कशाला ठेवल्यात हे आत्ता कळलं. भागाकार आज रात्री करतो. पण मग खरं नुकसान कुणी मोजलंच नाही का कधी?

वऱ्हाडी_ठेचा
मोजाले कोन येते बाप्पा! वरूड तालुक्यात बगीचा हाय माया. शमाताईनं लिवलं का काढनीच्या आधीचं त्यात धरतच नाईत, हे वाचून मी दोन मिनिटं हासलोच. आमचं नुकसान तर तेच असते ना. ट्रकमंदी चढलेल्या मालाचं नुकसान व्यापारी पाह्यते, तो त्याचा भाव आधीच कापून घेते.

आंबिया बहाराचं, म्हंजे फेब्रुवारीच्या फुलावरच्या पिकाचं सांगतो. डिसेंबर-जानेवारीत पानी तोडून झाडाले तान द्याचा, मंग पानी सोडलं का फेब्रुवारीत फुलं येते, बगीच्यात वासानं डोकं भनभनते. पुढं उन्हाळा काढाचा, पानी पुरवाचं, आमच्या वरूड-मोर्शीत जमिनीतलं पानी किती खाली गेलं ते साऱ्यायले मालूम हाय. जुलैपासून फांद्या वाकाले लागल्या का बांबूचे टेकू लावाचे. इथवर सारा खर्च झालेला असते. आन् मंग ऑगस्ट-सप्टेंबरात पानी लागलं, आठ-आठ दिवस झडी, का गळ सुरू. सकाळी बगीच्यात गेलं का झाडाखाली हिरव्या-पिवळ्या फळायचा सडा. उचलून पाहा, देठापाशी तपकिरी डाग, दाबलं का अंगठा आत जाते. ज्याले डाग नाई त्याले कुठंतरी टाचनीच्या टोकाएवढं भोक असते, पिळलं का त्यातून रसाची पिचकारी उडते. ते पतंगाचं काम. रातच्याले येते, सोंड खुपसते, रस पिऊन जाते, फळ दोन-चार दिवसांत खाली.

हे कोनत्या रकान्यात टाकता सांगा.

मातीचा_माणूस
ठेचाभाऊ, तुमच्याशी सहमत, पण फळगळीत तीन वेगवेगळे प्रकार एकत्र होतात. पाण्याचा निचरा नसला, अन्नद्रव्यं कमी पडली, झाडावर पालवी कमी आणि फळं जास्त झाली की झाड स्वतःच फळ सोडतं. दुसरी बुरशीची, तुम्ही देठाजवळचा डाग म्हणताय ती, वाळलेल्या फांद्यांवर ती बुरशी बसून असते म्हणून पावसाआधी सल म्हणजे त्या वाळक्या फांद्या काढायला सांगतात. तिसरी किडीची. पतंगाच्या अळ्या संत्र्यावर नसतातच, बांधावरच्या गुळवेल-वासनवेलावर असतात. एकट्याने बांध साफ करून उपयोग नाही, शेजाऱ्यानेही करायला हवा.

शिवाय हेही लक्षात घ्या की संत्र्याला फुलं येतात त्यातली शेकडा एक-दोन फळं शेवटपर्यंत टिकतात आणि हे अगदी निरोगी झाडावरही होतं. मग गळालेलं सगळंच ‘नुकसान’ म्हणायचं का? सुपारीएवढं असताना पडलं तर झाडाचा हिशेब, लिंबाएवढं झाल्यावर पडलं तर शेतकऱ्याचा तोटा, असं काहीतरी धरावं लागेल.

वऱ्हाडी_ठेचा
लिंबाएवढं झाल्यावरचंच म्हनतो ना भाऊ मी. फुलाचं कोन रडते.

कळमना_ते_वाशी
इतका वेळ वाचतोय, आता व्यापाऱ्याच्या बाजूनेही कुणी बोललं पाहिजे. आमची अडत होती, मी लहानपणापासून मंडीत आहे. बागवान म्हणजे व्यापारी अख्खा बगीचा उक्ता, एकठोक घेतो, त्याला लवकर मोकळा करायचा असतो, मजूर फळ ओढून तोडतात. संत्रं हे ढिल्या सालीचं फळ, ओढलं की देठाशी सालीचा टवका निघतो. दिसत नाही पटकन. कात्रीने देठ ठेवून कापलं तर हा प्रकारच नाही. पण कात्रीने वेळ जातो आणि मजुरी टनावर किंवा क्रेटवर असते, तो कशाला कात्री धरेल?

आणि मंडीत माल फेकला जातो हा गैरसमज आहे. नागपूरच्या कळमना मंडीत ढीग लागतो, मोठं फळ वेगळं, मध्यम वेगळं, चुरी म्हणजे बारीक माल वेगळा. डागी माल ज्यूसवाला नेतो, त्याच्याही खालचा हातगाडीवाला. अगदी सडलेलंच तेवढं कचऱ्यात. वजनाने बघाल तर नुकसान कमी आहे, भावाने बघाल तर भरपूर.

मोसंबी_जालना
कळमनाभाऊ, भावाचं बोललात ते बरं झालं. आमच्याकडे मोसंबीला टनामागे ‘सूट’ कापतात त्याचं काय? माल चांगला असो नाहीतर डागी, वजनातून आधीच वजा. म्हणे वाटेत खराब होतो. मग वाटेत झालेलं नुकसान व्यापाऱ्याचं की माझं? ते तुमच्या एफएओच्या कागदावर वाहतुकीतलं नुकसान म्हणून असेल, पण भरलं मी बांधावरच. आणि मोसंबीची साल घट्ट असते, संत्र्यासारखी नाजूक नसते, तरी सूट तेवढीच.

कळमना_ते_वाशी
सूट चुकीचीच आहे, मी समर्थन करत नाही. पण मागच्या क्रेटमध्ये खाली काय भरलेलं असतं तेही कधीतरी लिहा 😄

मोसंबी_जालना
😄 सगळेच तसे नसतात हो.

बुरशीवाली_मुग्धा
मी काढणीपश्चात रोगांवर काम करते (लॅबमध्ये दिवसभर सडकी संत्री, सासूबाईंना अजून पटलेलं नाही की याला नोकरी म्हणतात).

कळमना यांचा देठाचा मुद्दा अगदी बरोबर. पेटीत सडतं ते मुख्यतः हिरव्या आणि निळ्या बुरशीमुळे, दोन्ही पेनिसिलियमच्या जाती. हिरवीला आत शिरायला जखम लागते. नखाचा ओरखडा पुरतो. आधी सालीवर पाणथळ मऊ डाग, बोटाने दाबलं तर साल आत जाते, मग पांढरं वर्तुळ, मग मधोमध शेवाळी हिरवी पूड आणि कडेला पांढरी पट्टी राहते. ते फळ हलवलं की पूड उडते आणि पेटीतल्या सगळ्यांवर बसते, पण ज्याची साल अखंड आहे ते सहसा वाचतं. निळी जास्त वाईट, ती लागून असलेल्या चांगल्या फळातही शिरते, म्हणून कधी कधी पेटीत सहा-सात फळांचा एकच गठ्ठा सडलेला दिसतो.

सुगरणताई, तुमच्या पेटीसाठी: आणल्या आणल्या सगळी पेटी ओता, मऊ झालेलं आणि खरचटलेलं आधी खा, ओली फळं पुसून ठेवा. संत्रं काढल्यावर आणखी पिकत नाही, आंब्यासारखी वाट बघण्यात अर्थ नाही. बागेतून निघालं त्या दिवशी जितकं गोड असेल तितकंच.

सुगरण_नाशिक
धन्यवाद मुग्धा. सडक्या संत्र्यांची नोकरी 😂

नागपुरी_तर्री
अवांतर: संत्रा बर्फीत संत्रं किती असतं यावरही कुणीतरी संशोधन करा, तिथलं नुकसान जवळपास शून्य असावं कारण संत्रंच शून्य. हलकेच घ्या.

अवांतर नसलेलं: एवढा डागी आणि बारीक माल निघतो तर ज्यूस का नाही काढत? ब्राझील अख्ख्या जगाला ज्यूस पाजतो.

बुरशीवाली_मुग्धा
तर्री, कारण नागपुरी संत्र्याचा ज्यूस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडू होतो. लिमोनिन नावाचा पदार्थ त्याला कारणीभूत, ताज्या फळात जाणवत नाही, रस काढल्यावर हळूहळू तयार होतो. घरी रस काढून सकाळचा संध्याकाळी पिऊन बघा. शिवाय बिया. ब्राझीलचं ज्यूसचं संत्रं वेगळं, गोड संत्र्याच्या जाती, म्हणजे नात्याने आपल्या मोसंबीच्या जवळचं. कडूपणा काढता येतो, तंत्र आहे, पण त्याला खर्च आहे.

जुनाजाणता
ज्यूसचे प्रयोग काही कमी झाले नाहीत. नोगा आठवतंय का कुणाला? नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन, संत्रा उत्पादकांचीच संस्था, नंतर राज्याच्या कृषी उद्योग महामंडळाकडे गेली. आता लोकांना नोगाचा टोमॅटो केचप आठवतो, नावातलं संत्रं विसरले. मार्च २०२५ ला नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात पतंजलीचा संत्रा प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला, भूमिपूजन २०१६ चं. बघू किती माल उचलतात. कारखाना आला की चुरीला गिऱ्हाईक मिळतं हे खरं, पण बागायतदाराने कारखान्याच्या भावावर बाग करावी हे काही व्हायचं नाही, तो भाव खालच्या मालाचाच असतो.

आकडेवेडा_पुणे
वाचून डोकं गरगरतंय पण मजा येतेय. मूळ प्रश्न परत विचारतो, भारतात खरं मोजमाप कुणी केलंय का?

शमा_सांख्यिकी
हो, केलंय. लुधियानाची सिफेट ही आयसीएआरचीच म्हणजे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची काढणीपश्चात तंत्रज्ञानाची संस्था, त्यांनी देशभर दोनदा सर्वेक्षण केलं. शेतावर, गोदामात, मंडीत जाऊन. २०१५ च्या अहवालात फळांचं नुकसान ६.७० ते १५.८८ टक्के आलं, सगळ्यात वर पेरू, सगळ्यात खाली पपई. लिंबूवर्गीय ९.६९. आधीच्या फेरीत लिंबूवर्गीय ६.३८ होतं. त्यानंतर २०२२ ला नाबार्डच्या सल्लागार कंपनीने, नॅबकॉन्सने, नवीन अभ्यास केला, त्यात सगळ्या फळांचा पट्टा ६.०२ ते १५.०५.

मातीचा_माणूस
शमाताई, म्हणजे ६.३८ चं ९.६९ झालं, वाढलंच की! आकडेवेडा यांची रेघ बरोबर निघाली.

शमा_सांख्यिकी
इतक्या घाईने नको. दोन फेऱ्यांमध्ये जिल्हे बदलतात, त्या हंगामाचा पाऊस बदलतो, आणि लिंबूवर्गीय म्हणून कुठे संत्रं मोजलं, कुठे मोसंबी, कुठे किन्नू (उत्तरेकडचं संत्रं). दोन बिंदूंतून रेघ नेहमीच निघते. मी इतकंच म्हणेन की ५ ते १० टक्क्यांच्या आसपास काहीतरी काढणीपासून मंडीपर्यंत जातं आणि दहा वर्षांत ते ठळकपणे कमी झाल्याचा पुरावा नाही. जे लोक भाषणात ‘४० टक्के फळं सडतात’ म्हणतात त्यांना मात्र हे अहवाल वाचायला द्यायला हवेत.

कळमना_ते_वाशी
हेच तर मी म्हणत होतो! ४० टक्के सडली असती तर आम्ही कधीच दुकान बंद केलं असतं.

परदेशी_पाहुणा
उलटं उदाहरण देतो. फ्लोरिडात २००३-०४ च्या हंगामात संत्र्याच्या २४.२ कोटी पेट्या निघाल्या होत्या, पेटी साधारण ४० किलोची. २००५ ला तिथे ग्रीनिंग रोग सापडला, सिला नावाच्या बारक्या किडीमुळे पसरतो, झाड हळूहळू मरतं, फळ वेडंवाकडं आणि हिरवटच राहतं, गळतं. २०२२-२३ ला पेट्या १.६ कोटींच्या आसपास. म्हणजे नव्वद टक्क्यांहून जास्त पीक गेलं. आता शमाताईंच्या नियमाने बघा, माल कमी झाला म्हणून तिथल्या संत्र्याचं वाहतुकीतलं ‘नुकसान’ कागदावर घटलेलं दिसणार! बागा संपल्या आणि आलेख सुधारला.

आकडेवेडा_पुणे
बाप रे. हे प्रेझेंटेशनमध्ये घालणारच.

मातीचा_माणूस
सिला आपल्याकडेही आहे बरं का. नवीन पालवीवर असतो, बहाराच्या वेळी लक्ष ठेवा. रोपं रोगमुक्त घ्या, रस्त्यावरच्या कुठल्याही नर्सरीतून उचलू नका.

जुनाजाणता
आणि बांगलादेशचं काय? तो नागपुरी संत्र्याचा सगळ्यात मोठा बाहेरचा ग्राहक. त्यांनी आयात शुल्क २०१९ पासून वाढवत नेलं, तेव्हा किलोला २० टका (त्यांचं चलन, टक्के नव्हे) होतं, २०२३ ला ८८ टका. निर्यात आपटली, तोच माल देशातल्या मंडीत आला, भाव पडले, काहींनी तोडणीच केली नाही. झाडावर पिकून पडलेलं संत्रं, त्याला ना कीड ना बुरशी. हे नुकसान कुठल्या अभ्यासात येतं?

शमा_सांख्यिकी
तोडलंच नाही तर उत्पादनातही येत नाही, नुकसानातही नाही. कागदावर ते संत्रं जन्मलंच नाही.

वऱ्हाडी_ठेचा
आता कसं बोलल्या ताई! आन् इम्याचंबी तसंच हाय. हवामानावर आधारित फळपीक इमा म्हनते, त्यात माया बगीचा कोनी पाहातच नाई. महसूल मंडळात (काही गावं मिळून एक) हवामान यंत्र हाय, त्यात ठरलेल्या तारखायमंदी ठरलेला पाऊस, ठरलेलं तापमान बसलं तर पैसे. यंत्र तिकडे, झडी माया शिवारात. गारपिटीचा इमा येगळा काढा लागते. सरकारी मदतीले पंचनामा होते पन ३३ टक्क्यांच्या वर नुकसान पाह्यजे, तलाठी येईपर्यंत खालची फळं सडून मातीत गेलेली, तो म्हनते दाखवा. काय दाखवू, चिल्टं?

आमी तर पडलेली फळं उचलून खड्ड्यात पुरतो, नाईतर बुरशी अन् माशी अजून वाढते. म्हंजे शहान्यासारखं वागलं तर पुरावाच गायब.

मनीमाऊ
ठेचाभाऊ, फोटो काढून ठेवत जा ना, आता सगळ्यांच्या फोनवर तारीख-जागा येते.

वऱ्हाडी_ठेचा
काढतो ना, पोरीनं फोल्डरच केलं हाय. फोटो हायेत, टक्का नाई.

शमा_सांख्यिकी
टक्का काढता येईल. सगळा बगीचा मोजू नका. दहा झाडं निवडा, चांगली आणि वाईट दोन्ही, बांधाजवळची आणि मधली दोन्ही, खोडाला रंगाची पट्टी मारा. ऑगस्टच्या सुरुवातीला झाडावरची फळं अंदाजे मोजा (चौथा हिस्सा मोजून चारने गुणा). मग दर आठवड्याला खाली पडलेली मोजायची आणि मगच पुरायची. भोकाची वेगळी, देठाच्या डागाची वेगळी. तोडणीपर्यंत. एवढं दोन-तीन गावांतल्या वीस-पंचवीस जणांनी केलं तर एफएओच्या रकान्यापेक्षा जास्त कामाचा आकडा होईल.

बुरशीवाली_मुग्धा
दोन्ही नसलेली, नुसतीच पडलेली, तिसरा ढीग करा. मातीचा_माणूस यांनी सांगितलेली ती पहिली गळ.

आकडेवेडा_पुणे
एक्सेलचा तक्ता मी करून देतो, मोबाईलवर भरता येईल असा. ठेचाभाऊ, चालेल का? मोजायला यायचीही तयारी आहे, ऑगस्टात सुट्टी टाकतो.

वऱ्हाडी_ठेचा
या ना. पन गमबूट आना, काळी माती हाय, चप्पल फसते. आन् तक्ता मराठीत करा, मोजनार माया पोरगी अन् सालदार हायेत, मी नाई.

नागपुरी_तर्री
येताना बर्फी आणतो.